मिशीपर्यंत हात

पडली त्या दिवसापासून भिंगरीने मामाला मामा म्हणणं बंद केलं होतं. तो आला की दार उघडायची आणि आत तोंड करून ओरडायची, "आई, तो माणूस आलाय!"

तो माणूस पेशाने न्हावी. ओठावर अशी दांडगी मिशी, की दुकानाला वेगळी पाटी लावायची गरजच पडली नव्हती. रोज सकाळी मेण लावून तिची टोकं वर वळवल्याशिवाय तो शटर उघडत नसे. त्या दिवशीही मिशीला पीळ देत तो एका गिऱ्हाइकाला देश कसा चालवावा ते समजावत होता. मागे रिकाम्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकली होती, लहान पोरांना उंच बसवायला टाकतात तशी, आणि तिच्यावर पाच वर्षांची भाची बसली होती. "फिरव ना, फिरव ना," असं तिने डोकं खाल्लं, तेव्हा त्याने मागे न बघताच खुर्चीला एक गिरकी दिली. देश होता तिथेच राहिला आणि भिंगरी खाली आली. उजव्या कोपराच्या जरा वर हाड मोडलं.

प्लास्टर होतं तोवर तिची चैन होती. दूध तोंडाशी, उशी पाठीशी, आणि हुकूम सुटला की बाप धावत यायचा. खरी पंचाईत प्लास्टर निघाल्यावर झाली. हात वाकलेला होता तो वाकलेलाच राहिला, आणि भिंगरी तो पोटाशी धरून घरभर फिरू लागली.

"हाड झकास जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "आता कोणी ओढायचं नाही, चोळायचं नाही. तिचा तिने वापरला तर सरळ होईल. नाहीतर आखडून बसेल. पुढच्या वेळी बघू." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. पाच वर्षांच्या पोरीकडून तिचं तिने कसं करून घ्यायचं, हा धडा बहुधा त्यांच्या पुस्तकात नव्हता.

मग घरात जो तो शहाणा झाला. दाजींनी, म्हणजे भिंगरीच्या बापाने, चेंडू, बाहुली, गोळ्या असं काय काय आणून तिच्यासमोर धरलं. तिने सगळं डाव्या हाताने घेतलं आणि काम काही केलं नाही. पोरगी मोठी होऊन मोठ्या हुद्द्यावर बसणार यात शंका नव्हती. शेजारीण म्हणाली, "तेल लावून एक हिसका द्या, होईल सरळ." ताईने तिला गोड बोलून दारापर्यंत पोचवलं आणि दार जरा जोरातच लावलं.

ताई मामाला एका शब्दाने बोलली नव्हती. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "हात असाच राहिला ना तर..." एवढंच एकदा म्हणाली आणि पुढे भांडी घासत राहिली. मामाला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. दुकानातली फळी त्याने माळ्यावर फेकली होती आणि पोरांचे केस तो त्यांना खाली उभं करूनच कापत होता.

शेवटी एका संध्याकाळी तो भिंगरीसमोर जमिनीवर बसला. "तुला माझा राग आलाय ना? मग काय करू सांग. तू म्हणशील ते."

भिंगरीने त्याच्याकडे नीट बघितलं. "मिशी उपटायचीय."

"अगं बाई!" ताई ओट्यापाशी म्हणाली.

मामाचा हात आपसूक मिशीवर गेला. मग त्याने तो खाली घेतला. "कबूल. पण उजव्या हाताने. आणि जागचं उठायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू झाला. भिंती‍ला पाठ टेकवून भिंगरी स्टुलावर, समोर खुर्चीत मामा. पहिल्यांदा तो तिच्या नाकाशी नाक लावूनच बसला. तिने वाकड्या हाताने मिशीचं टोक पकडलं आणि मनापासून ओढलं. मामा कळवळला, भिंगरी खदखदून हसली. त्यानंतर तो रोज खुर्ची थोडी मागे सरकवायचा. समोरून तिचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला पोचायचा, त्यामुळे मिशी डावीकडून उजाड होत चालली. "मिशीला कसर लागली काय हो?" गिऱ्हाइकं विचारू लागली. त्याने मेण लावणं सोडून दिलं आणि देशाबद्दल बोलणंही.

डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी घोडं अडलं. हात जवळजवळ सरळ झाला होता, पण मिशीपर्यंतचं शेवटचं बोटभर अंतर काही तुटेना. भिंगरीने जीभ दातात धरली. डोळ्यांत पाणी आलं.

"जरा पुढे हो की रे मेल्या!" ताई कुजबुजली.

मान पुढे करावी आणि पोरीचा त्रास संपवावा, असं मामाला फार वाटलं. पण तो हलला नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिला.

"येत नाही!" भिंगरी किंचाळली.

"मग राहू दे. मिशी वाचली माझी," मामा म्हणाला आणि उरलेल्या अर्ध्या मिशीवर ताव मारला.

भिंगरीचं डोकं फिरलं. हात सपकन पुढे आला, बोटांनी मिशी गच्च पकडली आणि जी ओढली, की मामाच्या घशातून बोकडासारखा आवाज निघाला. पण तो बघत होता कोपराकडे. कोपर पट्टीसारखं सरळ होतं.

आणि मग तो रडायलाच लागला. हमसून हमसून, लहान पोरासारखा. ताईने पदर डोळ्यांना लावला. भिंगरी मात्र घाबरली. हातातल्या केसांकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि स्टुलावरून उतरून पलंगाखाली घुसली.

बाहेर आली ती स्वतःचं जुनं प्लास्टर घेऊन. डॉक्टरांनी ते उभं कापून काढलं होतं आणि तिने हट्टाने घरी आणलं होतं. त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येत होता. तिने त्यातला एक तुकडा मामाच्या ओठावर दाबला आणि दोन्ही हात वर करून टॉवेलने त्याच्या डोक्यामागे गाठ मारली.

"रडायचं नाही," ती म्हणाली. "आत खाज सुटेल, पण फूटपट्टी घालून खाजवायचं नाही. आणि आता फळीवर बसायचं नाही. कळलं ना, मामा?"

मामाने प्लास्टरच्या आतून कसंबसं "हो" म्हटलं.