भोंग्याच्या जागी मी वाजलो

मित्रांनो, माझ्या कपाळावर 'मेड इन जपान' असं लिहिलेलं आहे. ते खरं नाही. मी दिल्लीतल्या एका बोळात, एका लांब टेबलावर, पंधरा-वीस भावंडांबरोबर जोडला गेलो आणि शेवटी कुणीतरी ती चकचकीत पट्टी माझ्यावर दाबून चिकटवली. मी मोटारीतला एक जुना टेप आहे. कॅसेट गिळायची आणि गाणं म्हणायचं, एवढंच माझं काम. आता वाळवा तालुक्यातल्या एका घरात मी फळीवर पडून असतो. माझ्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीत आपलं कौतुक सांगतात. माझ्याजवळ मात्र सांगण्यासारखी आहे ती एक लाजच.

१९९६ साली सांगलीच्या एका दुकानातून हंबीररावांनी मला विकत घेतलं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी आले होते. थोडा ऊस होता आणि एक जुनी मारुती व्हॅन होती. लग्नकार्याला, दवाखान्याला ते ती भाड्यावर न्यायचे. दुकानदार म्हणाला, "उद्या गाडी घेऊन या, आमचा माणूस टेप बसवून देईल." हंबीररावांना हा अपमानच वाटला.

"अठरा वर्सं फौजेच्या गाड्या खोलल्यात म्या," ते म्हणाले. "ह्या खोक्याला माणूस कशाला लागतोय?"

मला काखेत मारून ते एस.टी.त बसले. वाटेत शेजारच्या प्रवाशाला त्यांनी माझं कपाळ दोनदा दाखवलं. मीही फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

घरी त्यांची बायको संयोगिता आणि म्हातारे वडील जोतिबा. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. काचबिंदूने आबांचे दोन्ही डोळे गेले होते, पण कान असे तिखट की फाटकातून कोण आलं हे ते पावलांवरून सांगत. विहिरीवरचं इंजिन कुरकुरायला लागलं की शेतकरी मिस्त्रीच्या आधी आबांना हाताला धरून न्यायचे. आबा दोन मिनिटं मान वाकडी करून ऐकायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. त्या कानांवर त्यांचा गावात मान होता.

व्हॅनला मागच्या बाजूला एक भोंगा होता. गाडी मागे घ्यायला गिअर टाकला की तो पी-पी करून ओरडायचा. तो खास आबांसाठी बसवला होता. अंगणात काठी टेकत चाललेले आबा भोंगा ऐकला की भिंतीला लागून उभे राहायचे आणि तो थांबला की पुन्हा चालू लागायचे. इतक्या दिवसांत ह्यात एकदाही चूक झाली नव्हती.

शुक्रवारी दुपारी हंबीररावांनी मला बसवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी संयोगिताबाईंचे भाऊ लालासाहेब साताऱ्याहून यायचे होते आणि जपानी टेप बसवल्याचं हंबीररावांनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. पकड, पेचकस, काळी चिकटपट्टी असा सगळा पसारा मांडून ते व्हॅनमध्ये आडवे झाले. माझी काळी तार पत्र्याला लागली. स्पीकरच्या तारा मागे गेल्या. राहिली करंटची लाल तार. फ्यूजच्या पेटीत एकही घर मोकळं नव्हतं. मग त्यांनी भोंग्याच्या तारेबरोबर, एकाच घरात, माझी तार खुपसली. मी दोन ओळी म्हटल्या. त्यांनी मागचा गिअर टाकून बघितला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

बॅटरीपासून वेगळी तार ओढून तिला स्वतःचा फ्यूज द्यायला हवा होता. हे हंबीररावांना चांगलं ठाऊक होतं. पण घरात तेवढी लांब तार नव्हती आणि इस्लामपूरला जायचा कंटाळा आला होता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, भोंग्याची तार उपसली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि तिची जागा मला दिली. "रविवारी बघू," असं स्वतःशीच म्हणाले. मी जोरात गायला लागलो.

संयोगिताबाई बाहेर आल्या. "आवं, भोंगा चालतोय न्हवं?"

"चालतोय की."

हे खोटं मी ऐकलं. त्या क्षणी मी वाजत होतो तो भोंग्याच्या करंटवर, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

शनिवारी सकाळी लालासाहेब आले. चहा झाल्यावर हंबीररावांनी त्यांना व्हॅनमध्ये बसवलं आणि वरातीतल्या गाण्यांची कॅसेट माझ्या तोंडात घातली. आवाज शेवटपर्यंत वाढवला. "दाजी, लय भारी वाजतोय ह्यो!" लालासाहेब म्हणाले. हंबीरराव हसले आणि हसत हसतच त्यांनी गाडी मागे घेतली.

मागून एक बोदा आवाज आला. मग काठी फरशीवर पडल्याचा.

दोघंही उडी मारून उतरले. आरडाओरडा झाला, शेजारीपाजारी धावले, आबांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. हे सगळं होईपर्यंत मी वरातीचं गाणं म्हणत होतो. मला बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मित्रांनो, मला स्वतःला बंद करता येत नाही, पण त्या दिवसाइतकं मला ते कधी डाचलं नाही. शेवटी संयोगिताबाईंनी हात घालून माझं बटण पिरगाळलं.

इस्लामपूरच्या वाटेवर आबा विव्हळत होते. उजव्या पायाची नळी मोडली होती. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन संयोगिताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मामंजी भोंगा ऐकून कवाच बाजूला व्हत्यात. आज वाजला न्हाई का?"

हंबीररावांनी तोंड उघडलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, पांढराफटक पडला होता. शेजारी मेहुणा बसलेला.

"वाजला की," मागून आबा म्हणाले. "मलाच ऐकू आला न्हाई. वय झालं आता."

हंबीररावांनी तोंड मिटलं आणि गाडी हाकत राहिले. ते मिटलेलं तोंड पुढे दीड महिना उघडलं नाही.

रविवारी त्यांनी तार आणली, मला वेगळा फ्यूज दिला आणि भोंग्याची तार तिच्या घरात परत बसवली. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं. काम झाल्यावर ते माझ्यासमोर नुसते बसून राहिले. मला त्यांनी लावलं नाही.

आबांचे डोळे होतेच गेलेले, आता कानही गेले, असं गावभर झालं. भेटायला येणारे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. काही जण त्यांच्या समोरच त्यांच्याविषयी बोलायचे, "आता काय राह्यलंय म्हाताऱ्याचं?" असं. आबा सगळं ऐकायचे आणि न ऐकल्यासारखं करायचे. एकदा शेजारचे अर्जुना इंजिनाची तक्रार घेऊन फाटकापर्यंत आले आणि तिथूनच वळले. "इसारलोच गड्या," ते हंबीररावांना म्हणाले. "आबांस्नी आता इचारून काय उपेग?" हंबीरराव व्हॅन पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. मलाही त्यांच्याकडे बघवलं नाही.

पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा आबांना अंगणात आणून बाजेवर बसवलं. चार माणसं बघायला जमली होती, अर्जुनाही होते. संयोगिताबाई सुपात गहू पाखडत होत्या. थोड्या वेळाने सगळे गप्पांत रमले तसे आबा काठी घेऊन हळूहळू उठले आणि पाय मोकळा करायला अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. हंबीररावांना भाड्यावर जायचं होतं. आपले आबा बाजेवरच आहेत असं समजून त्यांनी मागचा गिअर टाकला. भोंगा खणखणीत ओरडला.

आरशात मी बघितलं. आबांची काठी झटकन भिंतीकडे वळली. एक पाऊल पडलंसुद्धा. आणि मग ते थांबले. अंगणात माणसं होती ना! बहिऱ्या माणसाने भोंगा ऐकून कसं बाजूला व्हायचं? त्यांनी काठी परत जमिनीवर टेकवली आणि गाडीकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.

"आवं, मामंजी!" संयोगिताबाई किंचाळल्या.

हंबीररावांनीही आरशात ते पाऊल बघितलं होतं. त्यांनी ब्रेक दाबला. गिअर तसाच राहिला, इंजिन गचका खाऊन बंद पडलं, भोंगा मात्र ओरडतच होता. दार उघडं टाकून ते पळत गेले आणि आबांच्या पायाशी बसले.

"आबांचं कान शाबूत हायत," ते सगळ्यांसमोर म्हणाले. रडू येत होतं, तरी बोलले. "त्या दिशी भोंगा वाजलाच न्हवता. टेप लावायसाठी म्या त्याची तार काढली हुती. ह्या माणसानं माझी अब्रू झाकायला आपलं कान गावाला देऊन टाकलं, आन म्या दिऊ दिलं."

संयोगिताबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं, आता आबा रागावणार किंवा रडणार. त्यांनी हात चाचपत लेकाच्या डोक्यावर ठेवला.

"ते समदं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी त्यो भोंगा बंद कर रं. दीड म्हैना झाला, लोकं वरडून वरडून कान किटवल्यात माझं."

अर्जुना पुढे आले. त्यांची मान खाली होती. "आबा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझं इंजिन तेवढं ऐकता का?"

"चल की. कवापास्नं वाट बघतोय," आबा म्हणाले.

मित्रांनो, व्हॅन पुढे विकली आणि मी ह्या फळीवर आलो. धूळ बसते, त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. घरात हौसेने नवी वस्तू बसवाल, तेव्हा तिला जागा करायला कुणाची तार काढलीत ते आधी बघा. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने सांगा. तुमच्यावर माया करणाऱ्या माणसाला तिच्यापायी बहिरं व्हायला लावू नका.