फळ्याकडे पाठ

आमच्या अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख गुरुलिंग सर फळ्यावर आकृती काढायला लागले की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणीही दारात थबकून बघतं. पट्टी नाही, पुसापुशी नाही. मागणीची रेषा निळ्या खडूने, पुरवठ्याची तांबड्या, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे पिवळा ठिपका. तास संपला की मुलं फळ्याचे फोटो काढतात. मी विजयमाला, त्याच विभागात शिकवते. माझ्या आकृतीचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. हेवा वाटतो का? वाटतो. खोटं कशाला बोलू?

तरी यंदा एप्रिलमध्ये मी याच सरांवर इतकी चिडले की कितीतरी दिवस त्यांच्या डब्यातल्या शेंगाचटणीला हात लावला नाही. सोलापुरात याहून मोठा बहिष्कार नसतो.

कारण होता बिभीषण. टेंभुर्णीचा मुलगा, इथे वसतिगृहात राहून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकणारा. त्याला जन्मापासून दिसत नाही. बजेटचं भाषण तो क्रिकेटच्या मॅचसारखं कानाला मोबाईल लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मधेच कुणी बोललं तर चिडतो. पहिल्या वर्षी तीन विषय असतात, दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मुख्य निवडायचा. परीक्षा संपल्या आणि काठी टेकत तो विभागात आला.

"सर, मला दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र पायजे. तुमची सही लागती म्हनं."

सरांनी त्याला बसवलं, माठातलं पाणी दिलं. सर माणूस म्हणून लाखात एक, म्हणूनच तर मला जास्त राग आला. ते मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, तू इतिहास घे. जोतिराम सर चांगलं शिकवतात. अर्थशास्त्रात पुढं सगळा आकृत्यांचा कारभार आहे रे."

"त्याला पेपरात आकृतीऐवजी दुसरा प्रश्न मिळतो," मी मधेच म्हणाले.

"मिळतो की. पण मॅडम, मार्क मिळाले म्हणजे कळलं असं झालं का? हा मुलगा उरलेली वर्षं नुसता बसून राहील आणि मी शिकवल्याचं नाटक करणार. मला ते जमणार नाही."

बिभीषणने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "सर, आमचा मोबाईल पुस्तक वाचून दावतो. आकृती आली की 'इमेज' म्हनतो आन् फुडं जातो. मला ती इमेज काय हाय ती पायजे. इतिहासात काय करू मी जाऊन?"

"सुट्टी लागेपर्यंत वेळ आहे. विचार कर," सर म्हणाले. म्हणजे नाहीच.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. तुम्ही कोण ठरवणार त्याला काय झेपतं ते, असं बरंच काही बोलले. सर कूलरच्या खडखडाटाआड शांत बसून राहिले. भांडायला समोरचा माणूस भांडका तरी असावा लागतो. ती सोयही नाही.

त्याच आठवड्यात प्राचार्यांचं फर्मान निघालं. सर्वसमावेशक अध्यापनाची पाच दिवसांची कार्यशाळा, सर्व प्राध्यापकांना हजेरी सक्तीची. सर्वसमावेशक म्हणजे वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत पोचणारं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या सभागृहात आम्हाला कोंबलं तेव्हा त्यात आमचा समावेश कुणी धरलेला दिसला नाही. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांचे डोळे रुमालाने बांधले आणि सभागृहात फिरायला लावलं. आम्ही खुर्च्यांवर आपटलो, एकमेकांच्या पायांवर पाय दिले, आणि इतिहासाचे जोतिराम सर मात्र अचूक चहाच्या टेबलापाशी पोचले. रुमाल वर सरकला होता हे नंतर कळलं.

मी ही गोष्ट बिभीषणला सांगितली तर तो पोट धरून हसला. "म्याडम, मी काय दिवसभर खुर्च्याला धडकत हिंडतो व्हय? न दिसायची सवय लागाया जलम जातो. पाच मिंटात कशी लागंल?"

पण पुण्याच्या बाईंची एक गोष्ट मला मनापासून आवडली. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने खऱ्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं शिकवायचं होतं, आणि अट अशी की आपला विषय ज्याच्यापर्यंत पोचत नाही असं आपल्याला वाटतं, असा एक तरी विद्यार्थी समोर हवा. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी राहिले.

"गुरुलिंग सर बिभीषणला आणतील."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खाली बसली असती. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. त्या दिवशी त्याला आकृती कळली तर मी सही करतो. नाही कळली तर मात्र तुम्ही मधे पडायचं नाही."

"नाही पडणार," मी म्हणाले. शब्द तर देऊन बसले. भांडून काहीतरी मिळवता येतं. शब्द दिल्यावर नुसतं बघत बसावं लागतं.

शेवटच्या दिवशी सर सभागृहात आले ते काखेत कापडाची गुंडाळी घेऊन. उलगडून दाखवली आणि मी त्यांचं सगळं माफ करून टाकलं. मांजरपाटाच्या कापडावर अख्खी आकृती शिवलेली होती. खालचा आणि डावीकडचा अक्ष जाड गोट लावून. मागणीची रेषा लोकरीच्या दोऱ्याने, पुरवठ्याची सुतळीने, म्हणजे बोटाला दोन्हींतला फरक कळावा. आणि पिवळ्या ठिपक्याच्या जागी सदऱ्याचं बटण.

"सावित्रम्माने शिवलं," सर लाजून म्हणाले. सावित्रम्मा म्हणजे त्यांच्या पत्नी. अक्कलकोटकडच्या, घरात सगळं कन्नड. "संध्याकाळभर मला छळलं तिनं. प्रत्येक टाक्याला प्रश्न. 'इदु याक केळग बरतद?' म्हणजे ही रेघ खाली का येते? मी म्हटलं, तू शीव ना गप. तर म्हणाली, कारण कळल्याशिवाय सुई चालत नाही माझी. मग सांगत बसलो सगळं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा तिला माझा विषय सांगितला."

सहा-सात विद्यार्थी समोरच्या बाकांवर बसले होते. मधोमध बिभीषण, आणि सवयीने पार मागे जाऊन बसलेली दिपाली. ही नातेपुत्याची मुलगी. वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही प्राध्यापक, प्राचार्यांसकट, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर.

सरांनी कापड बिभीषणच्या पुढ्यात अंथरलं, त्याचे हात धरून अक्षांवर ठेवले. "हं. चाचपून बघ."

त्याची बोटं सावकाश फिरली. गोटावरून, लोकरीवरून, सुतळीवरून, आणि बटणापाशी थांबली. तो हसला. "सर, ह्ये बटन हाय की!"

सगळे हसले. सरही खुलले. इतके खुलले की त्यांना राहवेना. "तो समतोल बिंदू. आता बघ, ही जी रेषा आहे ना..." आणि बोलता बोलता त्यांचा हात खिशात गेला, खडू बाहेर आला, आणि सर वळले. एका झटक्यात निळी रेषा फळ्यावर उतरली, नेहमीसारखीच देखणी. "ही अशी इकडून खाली येते. आणि ही तिकडून अशी वर जाते. आता किंमत इथून इथे सरकली, तर हे एवढं अंतर बघा..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायकोने संध्याकाळभर बोटं टोचून घेतली आणि हा माणूस आंधळ्या मुलासमोर फळ्यावर चित्र काढतोय! उठणार होते मी. शब्द दिलेला आठवला आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. पुण्याच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. बिभीषणची बोटं कापडावर घुटमळत होती, कधी लोकरीवर, कधी सुतळीवर. 'इकडून' म्हणजे कुठून ते त्यांना सापडत नव्हतं. चेहरा हळूहळू मिटत चालला होता. गेला याचा विषय, मला वाटलं. इतिहासाच्या बाकावर जाऊन बसला हा.

तेवढ्यात त्याने बोटाच्या पेराने बाक वाजवला. टक टक.

"सर, तुमी फळ्याकडं तोंड करून बोलताय."

सरांचा हात वरच्या वर थांबला. "तुला कसं कळलं?"

"आवाज भितीवरनं येतोय की. वर्गात बी तसंच. तुमी आत आला की आवाज आमच्याकडं असतो, तवा समदं कळतं. आकृती आली की आवाज वळतो." त्याने कापडावरून हात फिरवला. "कापड लई भारी हाय सर. काकूंना सांगा. पर कापड नसतं तरी चाललं असतं. तुमी आमच्याकडं तोंड करून, कोनती रेघ, कुटनं कुटं जाती, का जाती, येवढं तोंडानं सांगा. बाकीची मी डोक्यात काढतो."

सरांनी खडूकडे पाहिलं. मग तो फळ्याच्या कडेला ठेवला आणि वळले. रिकाम्या हातांनी उभे असलेले गुरुलिंग सर मी पहिल्यांदाच पाहत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. दोनदा वाक्य सुरू केलं, दोनदा अडलं. एवढा नावाजलेला माणूस पहिल्याच तासाला उभा राहिलेल्या नवख्यासारखा घामाघूम झाला, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे भरले.

मग ते अगदी हळू म्हणाले, "काल सावित्रम्माला सांगितलं तसं सांगतो. लोकरीवर बोट ठेव. ही मागणी. वर डाव्या कोपऱ्यात चल. तिथं कांदा साठ रुपये किलो आहे. बाजारात आलेली बाई काय करेल?"

"भाव इचारंल आन् फुडं जाईल."

"बरोबर. म्हणून तिथं मागणी थोडी, रेघ डाव्या अक्षाच्या जवळ. आता भाव उतरतोय, बोट खाली आण. चाळीस झाला. वीस झाला."

"पिशवी भरून घेतील सर. रेघ उजवीकडं चालली."

"का चालली?"

"भाव पडला म्हनून. खाली येताना लांब लांब जाती ती." त्याचं बोट आता थांबत नव्हतं. लोकरीवरून उतरलं, परत चढलं, सुतळीवर गेलं. "आन् ही शेतकऱ्याची. त्याला भाव चढला की जास्त इकायचं आसतं, म्हनून ही उलटी. मग ह्ये बटन म्हंजी जितं दोघांचं जमतं तितं. व्हय का सर?"

"व्हय," सर म्हणाले. भर सभेत, प्राचार्यांसमोर, 'व्हय' म्हणाले.

दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. पुण्याच्या बाईंनी वेळ संपल्याची घंटी वाजवली नाही. मी पदराने डोळे पुसले आणि जोतिराम सरांनी ते पाहिलं. पाहू देत.

अर्जावर सही झाली ती तिथेच, बाकावर कागद टेकवून. सही करता करता सर म्हणाले, "एक सांगून ठेवतो. इतक्या वर्षांची सवय आहे, ती काही एका दिवसात सुटणार नाही. मी परत वळणार."

"जित्याची खोड," जोतिराम सर पुटपुटले.

"मग मी बाक वाजवतो की," बिभीषण म्हणाला.

आणि त्याने वाजवला. जूनपासून दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला. माझी खोली शेजारी, मधली भिंत पातळ. सरांचा आवाज वळला की टक टक, आणि आवाज परत सरळ. पहिल्या आठवड्यात ते टकटकणं सुतारकामासारखं चालू असायचं. नंतर कमी झालं. आकृती सर अजून काढतात, पण आधी तोंडाने सांगून मग. फोटो काढणारी मुलं कमी झाली. शेंगाचटणी मी परत खायला लागले हे वेगळं सांगायला नको.

ऑगस्टमध्ये बिभीषणच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तो चार दिवस गावी गेला. त्याच दिवसांत एकदा, तास संपवून मी सरांच्या वर्गावरून चालले होते. दार उघडं होतं. सर रंगात आले होते, फळ्याकडे तोंड, हातात निळा खडू, आणि आवाज भिंतीत शिरत चाललेला. आज टोकणारं कुणी नव्हतं ना! मला हसू आलं.

टक टक.

सर वळले. बिभीषणच्या रिकाम्या बाकाकडे बघत गोंधळून म्हणाले, "आला काय रे परत?"

मग शेवटच्या बाकावरून दिपाली उभी राहिली. हाताची मूठ अजून बाकावरच होती.

"न्हाय सर, त्यो न्हाय आला," ती म्हणाली. "मला ऐकू येत नव्हतं. मागच्या वर्षी बी येत नव्हतं."

सरांनी खडू खाली ठेवला.