शेजारच्या सीटचा पट्टा

मी एक जुना, निळा सीट बेल्ट आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. आज ते माझ्याच्याने होणार नाही.

दाट विणीच्या पट्ट्यांतून मला कारखान्यात शिवलं. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांच्या मधून, आणि सगळे पोटाशी एका बक्कलात. ताण देऊन तपासलं तेव्हा मी हूं की चूं केलं नाही.

दुकानात मला निवडलं ते एका गाड्या रंगवणाऱ्याने. त्याने घरामागच्या शेडमध्ये वाळूच्या टेकड्यांवर पळवायची इंजिनाची बग्गी बांधली होती. तिला ना छप्पर, ना दारं. डोक्यावर नुसता पाइपांचा सांगाडा.

दुकानदाराने विचारलं, "खांद्याचे पट्टे मागे कशात अडकवणार? आडवा पाइप आहे ना?"

"तो जोडतो हो. आधी निळ्यात काय आहे ते दाखवा. सीटला शोभला पाहिजे."

हात सांगाड्याबाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांना बांधायचे पट्टे दुकानदाराने पुढे केले. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून रंगाऱ्याने ते परत सारले. आग विझवायच्या नळकांड्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. शोभेच्या दिव्यांपुढून मात्र हलेना!

मी काम केलं. उन्हात विटलो, बक्कलात वाळू खाल्ली, कुणी कधी झटकलं नाही. मग एकदा टेकडीच्या माथ्यावरून बग्गी उलटली. रंगारी डोकं खाली, पाय वर असा लोंबकळला, पण मी त्याला सोडलं नाही. त्याला साधं खरचटलंही नाही. त्या हिसक्यात माझे धागे ताणले गेले, खांद्याची शिवण उसवली.

त्याने माझा मुका घेतला. येईल त्याला मला दाखवू लागला. गॅरेजवाला मित्र म्हणाला, "कौतुक पुरे. असा ताण खाल्लेला पट्टा बदलतात."

रंगाऱ्याला ते पटलं. पुढच्याच आठवड्यात नवाकोरा पट्टा आला आणि त्याच्या सीटला लागला. मला त्याने शेजारच्या सीटला बांधलं.

त्या सीटवर त्याची धाकटी बहीण बसली. ती मुलांना पोहायला शिकवायची. माझ्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "दादा, हा पार विटलाय रे. शिवणही सुटलीये."

"अगं, तोच तर लकी! यानेच मला वाचवलं. बस बिनघोर."

खोटारडा! मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

उतारावर पुढचं चाक वाळूत रुतलं आणि बग्गी कोलांटली. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवलं, पण खांद्यापाशी फाटलो. ती सांगाड्याच्या पाइपवर आदळली. हाडाचा आवाज मी ऐकला. रंगारी बक्कल उघडून धडधाकट बाहेर आला.

बऱ्याच दिवसांनी हात गळ्यात बांधून ती शेडमध्ये आली. उजवा खांदा आता पूर्ण वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो.

"दादा, तुझा पट्टा नवा होता ना?"

तिने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"आणि हा इथे कशाला लावलायस?"

"आठवण म्हणून…"

"कसली? माझ्या हाताची? कात्री दे."

"मी कापतो, तुला दुखेल."

"तू हात लावू नकोस."

डाव्या हाताने तिला कात्री नीट चालवता येत नव्हती. दात-ओठ खात, थांबत थांबत तिने माझे सगळे पट्टे कापले, म्हणजे पुन्हा कुणी मला कुणाच्या अंगावर बांधणार नाही. मला वाईट वाटलं नाही. त्या घरात माझ्याशी कुणी शहाण्यासारखं वागलं असेल, तर ते तिनेच.

मित्रांनो, आम्हा जुन्या पट्ट्यांचे गोडवे गाऊ नका. एकदा ताण खाल्ला की कापून टाका. आणि माणसांना गाडीत बसवताना स्वतःला घेतलात तसाच पट्टा त्यांनाही घ्या. तेवढं जमत नसेल तर एकटेच जा.