मोठा मीटर

अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका जुन्या बैठ्या इमारतीत अहिल्या डबे करायची. आसपासच्या ऑफिसांतली मराठी मुलं तिच्या पोळ्यांवर जगत. पण पाण्याचा पाइप बोटभर जाडीचा. भांड्यांचा नळ सोडला की तांदूळ धुवायच्या नळाला धार नसे, आणि त्यापायी नव्या ऑर्डरी परत पाठवाव्या लागत.

इमारत विक्रमची. अहिल्येला सख्खा भाऊ नव्हता. इथे आल्यापासून दर भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळायची. गेल्या वर्षी त्याने तबकात पाकीट न टाकता सही केलेला कागद ठेवला. जाड पाइप आणि मोठा मीटर बसवायला पाणी खात्याला मालकाची संमती लागते, ती.

"ताई, ही माझी ओवाळणी. खर्च तेवढा तू कर. धंदा तुझाच वाढणार आहे."

ओवाळणी कुणी उलगडून मोजत नाही. तिच्यावर करार मागायचा कसा? अहिल्येने नागपूरच्या फ्लॅटमधला आपला वाटा विकला, जोडणीची फी भरली, रस्ता खणून जाड पाइप आत घेतला.

वसंतात तिचं लीज संपत आलं, तेव्हा विक्रम बायकोला, रीमाला, घेऊन आला. दोघांनी चहा घेतला.

"लीज रिन्यू करत नाहीये, ताई," तो म्हणाला. "मोठं रेस्टॉरंट येतंय. पाण्यावाचून अडलं होतं बघ त्यांचं."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीच येऊन गेले होते ना," रीमा बिस्किट बुडवत म्हणाली. विक्रमने तिच्याकडे रोखून पाहिलं.

अहिल्येने कप खाली ठेवला. "पण मीटर माझ्या पैशांचा आहे."

"मग न्या की उपटून," रीमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अहिल्या पाणी खात्यात गेली. खिडकीतल्या बाईने कॉम्प्युटरवर शोधून हळू आवाजात सांगितलं की फी कुणीही भरो, जोडणीचा हक्क जागेबरोबर जातो. नव्या जागेला नव्याने फी.

"मालकाशी काही लेखी आहे का?"

"तो माझा भाऊ आहे."

"मग प्रश्नच नाही," बाईचा चेहरा खुलला. "भाऊ सांभाळून घेईल."

शेवटच्या दिवशी अहिल्येची भांडी खोक्यांत भरून झाली होती. विक्रम रेस्टॉरंटच्या मॅनेजरला घेऊन आला.

"ताई, जरा नळ सोडून दाखव ना. यांना प्रेशर बघायचंय."

तिला निघून जाता आलं असतं. पण स्वयंपाकघरात पाहुणा उभा होता, आणि हात आपोआप पुढे झाले. तिने सगळे नळ सोडले. वर सांगितलंही, की कोपऱ्यातल्या नळाला गरम पाणी आधी येतं. सांगताक्षणी तिला स्वतःची किळस आली.

मॅनेजर खूश झाला. एवढं चोख काम कुणी करून घेतलं, त्याने विचारलं.

"मीच," विक्रम म्हणाला.

"आणि या?"

"जुन्या टेनंट."

दोघं बोलत बाहेर गेले. रीमा दारात थांबली. "जाताना किल्ली ओट्यावर ठेवा हं. आणि ओटा पुसून ठेवा, ते लोक स्वच्छतेचे फार आहेत."

अहिल्येने नळ बंद केले. ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं, आणि किल्ली ठेवली.