सव्वा महिन्याचं दार

पालीच्या अर्जुनरावांच्या पागेत आता एकच घोडी उरली होती आणि तिचं सगळं करायला एकच बाई. घोडीचं नाव जास्वंदी, बाईचं कडूबाई. दोघीही वयानं उतरलेल्या, दोघींचेही गुडघे धरलेले. फरक एवढाच की जास्वंदीला उभ्यानं झोपता येत होतं आणि कडूबाईला देवानं तेवढी सोय केलेली नव्हती.

अर्जुनराव सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना चालू होता तोवर पागेची चैन होती. रस काढून उरलेलं उसाचं बगॅस ट्रॉली भरून यायचं. ते वीतभर जाड पसरायचं, ओलं झालं की ओढून काढायचं आणि नवं टाकायचं. विहिरीची मोटर लावून मागची मुताची नाली धुतली की काम संपलं. मग ओळीनं दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं. ऊस उभ्या जागी वाळला, कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही, बिंदुसरेच्या तलावाचा तळ भेगाळला. टँकर आला तर घोडीला प्यायला दोन बादल्या मिळायच्या. नाली धुवायचं नाव काढलं असतं तर गावानं आधी कडूबाईलाच धुतलं असतं. कडबा खायलाच पुरेना, तो खाली कोण अंथरणार? कडूबाई लीद उचलायची, खराटा मारायची. पण मूत काही उचलता येत नाही. ते मुरमात जिरत राहिलं.

अशा दिवसांत जास्वंदी व्याली. नुसते पायच पाय असलेलं, ओल्या डोळ्यांचं शिंगरू झालं. तिची आधीची दोन शिंगरंही अशीच बगॅस संपलेल्या दिवसांत झाली होती आणि महिन्याच्या आत गेली होती. हे तिसरं, आणि घोडीच्या वयाकडे बघता शेवटचं. त्यामुळे मालकीणबाईंनी, म्हणजे अर्जुनरावांच्या पत्नी तुळजाबाईंनी, या खेपेला कंबरच कसली.

"मानसाच्या बाळंतिणीला करत्यात ते समदं हिला करायचं," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना दार उघडायचं न्हाई. मागच्या खेपेला खिडकी उघडी राह्यली, वारं लागलं, म्हणून गेलं ते लेकरू. ध्यानात ठिव, कडे."

खिडक्यांना पोती ठोकली. फटी शेणानं लिंपल्या. दारावर जुनी जाड वाकळ आली, तिच्यावर कडुनिंबाचा डहाळा. कोपऱ्यात शेगडी ठेवून सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपेची धुरी सुरू झाली. कडूबाईनं वाकळीची कड उचलून आत शिरायचं आणि तशीच पाठीमागे सोडून द्यायची. जनावरांचा डॉक्टर गुरांच्या छावणीवर अडकलेला होता, आणि छावणीत गाई-बैलांना जागा होती, घोड्याला नव्हती. जे काही करायचं ते घरातच करायचं होतं, आणि घरात जे माहीत होतं ते तुळजाबाई जीव ओतून करत होत्या.

वारं काय करतं हे कडूबाईइतकं कुणाला माहीत होतं?

तिचं पहिलं पोर असंच गेलं होतं. तेव्हा ते लोक नांदूरघाटाकडच्या माळावर राहायचे. नवरा सटवा मेंढरांमागे, आणि घरात सासू रतनबाई. झोपडी एकच. एका कुडाला बाळंतीण, दुसऱ्या कुडाला लांडग्याच्या भीतीनं आत बांधलेली कोकरं. सासूनं सगळं रीतीनं केलं होतं. दार बंद, झरोका बंद, धुरी. पोर खोकायला लागलं. एका दुपारी कडूबाईचाच जीव घुसमटला, म्हणून ती दार उघडून पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. फार वेळ नाही बसली. पोर त्याच दिवशी संध्याकाळी गेलं.

"दार उघडलंस आन् वारं घातलंस पोराच्या अंगात," रतनबाई म्हणाली. एकदाच म्हणाली. पण पुढे रोज दिवेलागणीला ती "दार लाव गं, वारं यायलंय" एवढं म्हणायची, आणि कडूबाईला त्यात ते पहिलं वाक्य सगळंच्या सगळं ऐकू यायचं. नंतर दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, नांदायला गेल्या. सटवा या दुष्काळात मेंढरं घेऊन गेवराईकडे, गोदावरीच्या काठाला गेला होता. घरात पुन्हा त्या दोघीच उरल्या होत्या. रतनबाईला आता नीट दिसत नव्हतं, तरी दार उघडं आहे एवढं तिला बरोबर कळायचं.

शिंगराला खोकला लागला तेव्हा तुळजाबाईंनी धुरी वाढवली. नाक वाहायला लागलं तेव्हा वाकळीवर आणखी एक वाकळ आली. शिंगरू दिवसाचा बराच वेळ पडून राहायचं, उठलं तरी दोन घोट पिऊन पुन्हा पाय मुडपायचं. कडूबाईला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि त्याच्याकडे बघण्यावाचून दुसरं कामही नव्हतं. घोड्याच्या मुताचा वास तर तिच्या नाकानं कधीच सोडून दिला होता. इतकी वर्षं त्यात वावरल्यावर नाक तरी किती दिवस तक्रार करणार?

कारखान्याचा ट्रॅक्टरवाला पंडित एका सकाळी चुन्याचं पोतं घेऊन आला. उसाचा रस साफ करायला चुना लागतो. रसच नव्हता तेव्हा पोती गोदामात पडून होती. पंडित मनाचा चांगला. बोलावल्याशिवाय आला होता.

"मावशी, ह्यो पसरा खाली," तो म्हणाला. "वल मरंल, जागा सुद्द व्हईल. इथं लईच कोंदट झालंय."

कडूबाईला ते पटलं. भिंतीला चुना लावतात तसा तो जमिनीला का नको? तिनं पोतं फोडलं, ओल्या मुरमावर चुना पसरला आणि फावड्यानं सगळं वरखाली केलं. जास्वंदी कान पाडून मागे मागे सरकली. तिला नवं काही आवडत नाही, असं म्हणून कडूबाईनं तिच्या मानेवर थाप मारली आणि वाकळ नीट दाबून घेतली.

दुपारी मात्र कडूबाईचं अंग जड झालं. पहाटेपासून टँकरच्या रांगेत, मग घरी म्हातारीचं, मग इथं फावडं. शिंगरू कोपऱ्यात पडलं होतं. त्याच्याजवळ पोत्यावर जरा पाठ टेकावी म्हणून ती आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

जागी झाली ती डोळ्यांत आग घेऊनच. घसा आवळला होता, श्वास आत जाईना. शेगडीमुळे कशानं तरी पेट घेतला असं समजून ती धडपडत उठली. शेगडी तर विझलेली. उभी राहिल्यावर जरा बरं वाटलं. पदर सापडेना म्हणून वाकली आणि पुन्हा डोळ्यांत कुणी कांदा पिळावा तशी झोंबाझोंबी झाली. उठली, कमी. वाकली, जास्त. तिनं मुद्दामच पुन्हा गुडघे टेकले आणि तोंड जमिनीजवळ नेलं. मेलेल्या नाकालासुद्धा तो वास कळला. तिखट, मुताचा, सकाळी चुना कालवल्यावर तर दसपट झालेला. वर माणसाच्या डोक्याच्या उंचीला त्याचा पत्ता नव्हता, आणि तुळजाबाई काय, पंडित काय, ती स्वतः काय, सगळे तिथं उभ्यानंच येत-जात होते. शिंगराचं तोंड मात्र दिवसभर जमिनीला टेकलेलं असायचं.

त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

कडूबाई दाराशी गेली. वाकळ हातात धरली. आणि तिचा हात पुढे चालेना. एवढी वर्षं तिनं स्वतःला एकच गोष्ट शिकवली होती, की दार उघडलं की लेकरू मरतं. आता हे मेलं तर ते तुळजाबाईंच्या तोंडून ऐकावं लागेल, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती फार भ्याली होती. बाहेर जाऊन मालकिणीला विचारावं, असं तिला वाटलं. पण मालकीण काय म्हणणार ते तिला पाठ होतं.

मागे शिंगरू खोकलं. त्या खोकल्यात तिला एकाएकी कोकरं आठवली. त्या झोपडीतल्या दुसऱ्या कुडाची. त्यांचीही नाकं वाहत होती. त्यांचेही डोळे लाल होते, पोराचे होते तसेच. हे तिनं तेव्हा बघितलं होतं. पण घरात बाळ आजारी असताना कोकरांकडे कोण बघतं?

तिनं वाकळ ओढली. खिळ्यांसकट खाली आली. मग दुसरी ओढली. घोडीचा दोर सोडला, शिंगराला पोटाखालून हात घालून अर्धं उचललं, अर्धं फरपटत नेलं, आणि बाहेरच्या लिंबाखाली आणून टाकलं. मग तिथंच मटकन बसली. लिंबाखाली गरम वारं वाहत होतं, धूळ घेऊन. कुणाही बाळंतिणीला लागू नये असंच ते वारं होतं.

तुळजाबाई ओसरीवरूनच ओरडल्या. आल्या त्या रडतच.

"कावून उघडलंस गं? आठ-धा दिस राह्यलं व्हतं फकस्त. तुला सांगितलं व्हतं ना मी? कडे, तुला सांगितलं व्हतं."

"काकू, आत चला."

"आता आत जाऊन का करू?"

"चला तर."

कडूबाईनं त्यांना हाताला धरून पागेत नेलं. दार उघडं पडलं होतं तरी खालची हवा तशीच होती. "इथं बसा," ती म्हणाली. "शिंगरू झोपत व्हतं तिथं. तोंड खाली करा." तुळजाबाईंना गुडघेदुखी, त्या भिंतीला धरून कशाबशा बसल्या, वाकल्या, आणि तोंडावर पदर दाबून तशाच उठू लागल्या. उठवेना. कडूबाईनं काखेत हात घालून त्यांना बाहेर आणलं. लिंबाखाली त्या बराच वेळ खोकत होत्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी शिंगराकडे बघितलं.

"मागची दोगंबी तिथंच झोपायची," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"खिडकी उघडी राह्यली म्हणून मी सिदूला कामावरनं काढलं व्हतं." सिदू हा तेव्हा कडूबाईच्या जोडीला असलेला पागेवाला.

दुसऱ्या दिवशी पागेची जमीन खणायला घेतली. वरचा ओला, चुनाळलेला मुरूम हातभर खोल काढून दूर शेतात नेऊन टाकला. पंडितनं तलावाच्या तळाची वाळलेली माती ट्रॉलीनं आणली. दुष्काळानं बाकी सगळं नेलं होतं, कोरडी माती तेवढी भरपूर ठेवली होती. ती जाड पसरायची, घोडीनं जिथं ओलं केलं असेल तेवढी घमेल्यात उचलायची, तिथं नवी टाकायची. पाणी लागत नव्हतं. लागत होती ती कडूबाईची कंबर, आणि ती दिवस मावळेपर्यंत अगदी मोडून जायची. ओलं सापडावं म्हणून दिवसातून चार वेळा ती गुडघ्यावर बसून जमिनीजवळ तोंड नेऊन बघायची. खिडक्यांची पोती काढली ती पुन्हा लावली नाहीत. तुळजाबाईंना मात्र धुरीवाचून राहवेना, म्हणून त्या रोज शेगडी उचलून लिंबाखाली आणायच्या आणि उघड्या माळावर ओव्याचा धूर करायच्या. तो वाऱ्यानं कुठल्या कुठे जायचा.

शिंगराचा खोकला लगेच थांबला नाही. काही दिवस तर असे गेले की सकाळी लिंबाकडे जाताना कडूबाई मुद्दाम हळू चालायची. मग नाक वाळलं. मग खोकला अधूनमधून राहिला. आणि एका संध्याकाळी ती घमेलं घेऊन वळली तर शिंगरू आईच्या पोटाखाली ढुशा देऊन पीत होतं, आणि पिऊन झाल्यावर त्यानं विनाकारण चारही पाय उचलून एक उडी मारली. तुळजाबाई ओसरीवर हसल्या. कडूबाईनं घमेलं खाली ठेवलं आणि तिला रडू आलं. पोर गेलं तेव्हा ती रडली होती, पण ते रडणं गुन्हेगाराचं होतं, पदरात तोंड लपवून केलेलं. हे तसं नव्हतं. आपण त्या दुपारी झोपडीचं दार उघडलं ते चुकलं नव्हतं, एवढं तिला आता पक्कं कळलं होतं. चुकलं होतं ते उघडायला उशीर केला, हे. आणि हे सांगावं असं जगात एकच माणूस होतं.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. वाटेनं तिनं सगळं मनात जुळवून घेतलं होतं. कोकरं, मूत, बंद झरोका, कुणी बंद करायला लावला तेही. तिनं चूल पेटवली, दिवा लावला.

"दार लाव गं," अंथरुणावरून रतनबाई म्हणाली. "वारं यायलंय."

"असू द्या उघडं, आत्याबाई."

बाहेर कुठंतरी टँकरचा आवाज येऊन गेला.

"पोराला वारं लागंल की," ती म्हणाली. हल्ली तिचं असं व्हायचं. मधली सगळी वर्षं गळून जायची.

कडूबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "न्हाई लागत. वाऱ्यानं न्हाई गेलं ते पोर, आत्याबाई."

रतनबाईनं आपले पांढरे डोळे तिच्याकडे वळवले. हात चाचपडत पुढे केला, तो कडूबाईच्या गुडघ्याला लागला.

"मंग कशानं गेलं गं?" तिनं विचारलं. लहान मुलानं विचारावं तसं. "मी समदं केलं व्हतं त्याचं."

जुळवून आणलेलं सगळं कडूबाईच्या ओठांवर आलं. तिनं म्हातारीच्या हाताकडे बघितलं. हाडं आणि कातडं. हे ओझं घ्यायला त्या हातात आता काही उरलं नव्हतं, आणि देण्याइतकी ताकद आपल्यातही उरली नाही, असं तिला वाटलं.

"कुनाला ठावं," ती म्हणाली. "भाकर कुस्करून देऊ का?"

"दे."

तिनं भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि घास भरवायला लागली. दार रात्रभर उघडंच राहिलं.