मारुतीशेजारची टपालपेटी

माझ्या भाचीनं बारामतीला बंगला बांधला आणि फाटकाला लाल टपालपेटी लावली. जुन्या घाटाची, मुद्दाम मागवलेली. तिच्यात पत्र कुणी टाकत नाही. आलेल्या पाहुण्याला ती पेटीशेजारी उभं करून फोटो काढते आणि मला म्हणते, "मावशी, तुमच्या वेळी किती गोडवा होता ना." गोडवा मला ठाऊक नाही. तेलकटपणा होता, तो सांगते.

छप्पन सालची गोष्ट. आमचं गाव इंदापूरपासून चार कोस, भीमेच्या अंगाला. माझे सासरे रावजी गावातले बोलके गृहस्थ. समोर ऐकणारा नसला तरी त्यांचं अडत नसे. दोन वर्षं अर्ज करून त्यांनी गावाला टपालपेटी आणली. खात्याचा माणूस म्हणाला, चावडीवर लावू, सगळ्यांना सोयीचं पडेल. सासरे म्हणाले, "चावडीवर कुत्री टांग वर करत्यात. माजी पेटी देवाच्या दारात लागंल." आणि ती मारुतीच्या गाभाऱ्याला लागून भिंतीवर ठोकली.

झालं, सोयीची वस्तू सोवळ्यात गेली. पत्र टाकायला चपला काढून जायचं. मयताची खबर पेटीत टाकायची नाही, कारण ती आतल्या लग्नपत्रिकांना लागते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं कार्ड घेऊन इंदापूरला चालत जावं. मुसलमानांनी पत्र दत्तोबा गुरवाच्या हाती द्यावं, तो टाकील. तो टाकायचा, पण आधी वाचायचा. आणि बाजूला बसलेल्या बाईनं तिकडं फिरकायचंसुद्धा नाही.

मी व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन त्या घरात आले होते आणि मिरच्या तोडत होते. चैत्रात शाळाखात्याचं पत्र आलं. शेजारच्या गावातल्या शाळेत शिक्षिकेची जागा देतो, पंधरा दिवसांत लेखी होकार पोचला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. ही जागा गेली असती तर पुन्हा कुणी विचारायला आलं नसतं. रावजींनी ते पत्र पारावर तीनदा वाचून दाखवलं आणि परवानगी दिली. सुनेच्या शिक्षणाचं त्यांना कौतुक होतं अशातला भाग नाही. पारावर वाचायला आणखी पत्रं येतील एवढं त्यांना कळलं.

मी कार्ड लिहिलं, पण नेमकी बाजूला बसले होते, म्हणून ते ह्यांनी टाकलं. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती.

देवाला तेल-शेंदूर चढवता चढवता सासऱ्यांची नजर शेजारी गेली. पेटी लाल, देव लाल. एकाला द्यावं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवावं हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी पेटीला शेंदूर थापला आणि माथ्यावर दोन पळ्या तेल सोडलं. मग त्यांच्या मागून गावानं सोडलं. पेटीच्या फटीवरचं झाकण मोडून महिना झाला होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झुंबर टपालवाला आला. पेटी उघडली तर आत तीन कार्डं शेंदरात चिकटून एक झालेली. त्यानं तो गोळा हातात धरला.

"रावजी, ह्ये टपाल हाय का भजी?"

"देवाचा हात फिरलाय त्यावर," सासरे म्हणाले. "पोचणार."

"देवाला पत्ता ठावं आसंल. आमाला वाचाय येत न्हाय."

लोक हसले. इथं बिनसलं. रावजींना हसणारा माणूस कधीच खपला नाही. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की मारुतीच्या हाताखालनं गेलेलं पत्र पोचणार म्हणजे पोचणार, आणि जो कुणी दुसरं पत्र धाडील त्यानं देवाला खोटं पाडलं. त्याला माझा उंबरा बंद.

हे सगळं ह्यांनी मला परसदारी, चार हात लांब उभं राहून सांगितलं.

"अवो, चार दिस ऱ्हायल्यात. दुसरं लिहिते, तुमी इंदापुरात टाका."

"आबांनी चारचौघांत शबुद टाकलाय."

"आन् माजी नोकरी?"

"मारुती बगंल की," हे म्हणाले आणि मोटेकडं गेले. मारुतीवर सोपवलेली कामं ह्यांना नेहमीच हलकी वाटत.

शेजारच्या रोशनबीला विटाळाचं काही नव्हतं. ती कुंपणापाशी आली तेव्हा मी तिच्या हातात घडी घातलेला कागद दिला. तिचा नवरा इस्माईल बांगड्या विकायला इंदापूरच्या बाजाराला जाई.

"भाईंना म्हणावं, पाकीट तितंच घ्या आन् कागदावरचा पत्ता पोस्टातल्या बाबूकडनं उतरून घ्या."

"तुज्या सासऱ्याला कळलं तर?"

"तर तुज्याकडं ऱ्हायला येते."

"ये की. बांगड्या भरायला बसवते," ती म्हणाली आणि कागद पदरात बांधला.

तीन आठवड्यांनी नेमणुकीचा हुकूम आला. रावजींनी पेटीपुढं नारळ फोडला आणि झुंबरला बोलावून आणून सगळ्या गावासमोर विचारलं, "काय रं, पोचलं का न्हाय?" झुंबरनं कान खाजवला. इस्माईलभाई पायऱ्यांखाली उभे होते. खरं काय ते मी सांगितलं नाही. मला नोकरी हवी होती आणि नोकरीला उंबरा लागतो. खोबऱ्याचा तुकडा दिला तो मुकाट खाल्ला.

संध्याकाळी बनाबाई आली. तीन कार्डांतलं एक तिचं होतं, सोलापूरच्या गिरणीतल्या मुलाला. नवऱ्याचे पाय सुजलेत, ये, एवढंच तिनं माझ्याकडून लिहून घेतलं होतं.

"पोरी, तुजं पोचलं म्हंजे माजंबी पोचलं आसंल नव्हं? रावजी म्हणत्यात पोचलं. मग ह्यो येत कसा न्हाय? त्याच्या बापानं आज भाकरीबी मोडली न्हाय."

सासरे ओसरीवर बसले होते. मला आत जाता आलं असतं.

"मावशी, तुमचं पोचलं न्हाय," मी म्हणाले. "माजंबी न्हाय. माजं दुसरं इस्माईलभाईंनी इंदापुरात टाकलं. बसा, तुमचं आत्ता लिहून देते."

बनाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. रात्रीच्या जेवणाआधी आळीभर झालं. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला इस्माईलभाईंच्या बांगड्यांच्या पेटाऱ्यात एकोणीस पत्रं होती. त्यांतलं एक दत्तोबा गुरवाचं होतं. बनाबाईचा मुलगा आठव्या दिवशी आला आणि बापाला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला.

सासऱ्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढलं नाही. कसं काढणार? जूनपासून पारावर मास्तरणीचा सासरा म्हणून कोण मिरवणार होतं? त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते पुढच्या संक्रांतीपर्यंत. त्या पेटीनं मला दिलेलं एवढं एकच सुख.