सात डोक्यांचं पोस्टर

मी एक जुनं पोस्टर आहे, मित्रांनो. पण कागदाचं नव्हे, पिठाच्या पोत्यांचं. घानाच्या किनाऱ्यावर सॉल्टपाँड नावाचं गाव आहे. तिथल्या बेकरीत रिकामी झालेली दोन पोती कोणीतरी उसवली, धुतली, उन्हात वाळवली आणि एकमेकांना शिवली. असा माझा जन्म झाला. शिवण बरोबर माझ्या पोटावरून जाते. पाठीवर गिरणीचा निळा शिक्का अजून वाचता येतो.

मला रंगवलं अराबा ओटूनं. तेव्हा ती पंचविशीची होती आणि न्हाव्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायची. टँडो नावाचे एक गृहस्थ आपल्या व्हॅनमध्ये टीव्ही, व्हिडिओ आणि जनरेटर घालून गावोगाव सिनेमे दाखवत. त्यांचा नेहमीचा पेंटर तापानं आडवा झाला, म्हणून ते नाइलाजानं अराबाच्या दारात आले.

"बाई, तुला राक्षस जमेल का? की त्याच्या हातात फुलं देशील?"

"आधी सिनेमा दाखवा, मग सांगते."

"सिनेमा पाहिलास तर तू पोस्टर काढायचीच नाहीस," टँडो म्हणाले. "नुसती गोष्ट ऐक."

गोष्ट साधी होती. खाडीतून एक राक्षस वर येतो आणि गावावर सूड उगवतो. अराबानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "डोकी किती?"

"सिनेमात एकच आहे."

"एका डोक्याला कोण भितंय!"

तिनं मला सात डोकी दिली. घरांच्या दारांना लावतात त्या तेलरंगात ती तीन दिवस खपली. हिरवं अंग, लाल जिभा, आणि प्रत्येक दाताच्या टोकाला पांढऱ्या रंगाची एक बारीक चमक. शेवटी तिनं खालच्या कोपऱ्यात नाव घालायला ब्रश बुडवला, तेव्हा टँडोंनी तिचा हात धरला. "नाव नको घालूस. बाईनं काढलेला राक्षस म्हटल्यावर लोक घाबरतील कशाला?" अराबानं ब्रश घासलेटात धुऊन टाकला.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. टँडोंच्या व्हॅनमध्ये इतर पेंटरांची पोस्टरंही होती, पण व्हॅनच्या तोंडाशी मान माझा. गावात शिरलो की पोरं आधी पळून जायची आणि मग मोठ्या भावंडांच्या पाठीआडून हळूच डोकवायची. मांकेसिमच्या बाजारात तर खेळ संपल्यावर लोकांनी व्हॅनला घेरावच घातला. "बाकीची सहा डोकी कुठे गेली?" टँडो टपावर चढून ओरडले, "टीव्ही लहान आहे हो, मावली नाहीत!" सगळा बाजार हसला. दुसऱ्या दिवशी तेवढीच माणसं पुन्हा आली.

पुढे घरोघर टीव्ही आले. टँडो वारले, व्हॅन विकली गेली, आणि मी एका केंकीवालीच्या टपरीचं छप्पर झालो. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून ती उकडायची. त्याची वाफ, चुलीचा धूर, वरून ऊन. माझी तोंडं खाली, पाठीवर कोंबड्या नाचायच्या. अशी अकरा वर्षं गेली. माझ्या सावलीत रोज माणसं जेवत होती, पण मान वर करून मला पाहिलं असं कोणी नव्हतं.

आणि एका दुपारी इबोकाकांनी पाहिलं. इबो डाड्झी हे गावातल्या टॉकीजचे जुने डोअरकीपर. टॉकीज बंद पडली तेव्हा कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे नेले. इबोकाकांनी दाराजवळच्या काचेच्या पेटीतली सिनेमाची कार्डं तेवढी उचलली. तुम्ही तशी कार्डं पाहिली आहेत का? पोस्टकार्डापेक्षा मोठी, जाड, आणि प्रत्येकावर सिनेमातल्या एकेका प्रसंगाचा फोटो: कुठे तलवारबाजी, कुठे रडणारी नायिका. तेव्हापासून त्यांना हा नादच लागला. कार्डं, तिकिटांचे अर्धे तुकडे, रंगीत जाहिराती, जे मिळेल ते बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवायचं.

त्या दुपारी घास तोंडाकडे नेता नेता त्यांनी वर पाहिलं आणि हात तसाच थांबला.

"मावशी, तुमचं हे छप्पर मला द्या."

"आणि मी काय डोक्यावर सूर्य बांधू?"

इबोकाका तडक बाजारात गेले. कोरी ताडपत्री आणून त्यांनी ती स्वतः टपरीवर बांधली आणि मला खांद्यावर टाकून घरी आणलं. पुढचे दोन आठवडे ते मऊ ब्रशनं माझ्यावरची काजळी झाडत होते. मग ओल्या कापसानं एकेक डोळा पुसला. भिंतीवर चढवलं तेव्हा एकुवाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरात माणसं दोन, आणि डोकी झाली नऊ! जेवायला नाही ना बसणार ही?"

पण रोज सकाळी केर काढताना त्या माझ्यावरची धूळही झटकायच्या.

काही वर्षांनी गावानं जुनी टॉकीज दुरुस्त केली आणि तिथे सिनेमाच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यासाठी राजधानी आक्राहून लार्टे नावाचे जाणकार आले. इबोकाकांची कार्डं त्यांनी दोन बोटांत कडेनं धरून एकेक पाहिली. मला पाहताच ते उभेच राहिले.

"हे तर मास्टर डायमंडचं! कुमासी शहरातल्या त्या नामांकित पोस्टर-पेंटरचं!"

"खात्री आहे साहेब?" इबोकाकांनी विचारलं.

"एवढा दणकट हात दुसऱ्या कोणाचा असणार?"

माझ्याखाली लावायची पाटी छापायला गेली. इबोकाकांचं मन मात्र मानेना. ते चार गावं फिरून विचारून आले, पण टँडो गेलेले, सांगणार कोण? मला सारं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि तोंडं सात असूनही एक शब्द बोलता येत नव्हता.

पत्ता काढला तो एकुवाकाकूंनी. त्या मासळी आणायला किनाऱ्यावर गेल्या होत्या. तिथे एक पिकल्या केसांची बाई होडीवर शार्क रंगवत होती. काकू घरी आल्या त्या टोपली खाली न ठेवताच सांगत सुटल्या.

"अहो, ऐका! मी तिला म्हटलं, हे दात मी रोज पुसते! प्रत्येक टोकाला तीच पांढरी चमक! तर हसायला लागली. म्हणते कशी, तो राक्षस अजून आहे? मला वाटलं कधीच चुलीत गेला. अराबा नाव तिचं. अराबा ओटू!"

इबोकाकांनी तिथल्या तिथे लार्टेंना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पाटी छापून झाली आहे, मिस्टर डाड्झी. मास्टर उद्घाटनाला स्वतः सही करायला येतायत. आणि उद्या कोणीही उठून म्हणेल, मी काढलं."

फोन ठेवून काका म्हणाले, "एकुवा, तिला घेऊनच जायचं."

उद्घाटनाच्या सकाळी टॉकीज खचाखच भरली होती. मला समोरच्या भिंतीवर लावलं होतं. खाली टेबलावर काळा रंग आणि नवा ब्रश. मास्टर डायमंड काठी टेकत आले. लार्टेंनी त्यांच्या हातात ब्रश दिला, तोच दारातून इबोकाका ओरडले, "थांबा!" त्यांच्या मागे अराबा उभी होती. हातांवर होडीचा निळा रंग तसाच होता.

मास्टरनी चष्मा लावला आणि ते माझ्या अगदी जवळ आले. एकेक डोकं त्यांनी निरखून पाहिलं.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

"मास्टर, वयानं विसरला असाल."

"वय गुडघ्यांचं झालंय साहेब, नजरेचं नाही. मला सात डोकी जमलीच नसती. मी तीनवर थांबायचो."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अराबा पुढे आली. "तिसरं डोकं माझ्या सासूबाईंचं आहे. पाचवं टँडोसाहेबांचं, सोन्याच्या दातासकट. आणि सहावे आमचे गणिताचे मास्तर."

म्हाताऱ्या माणसांनी भिंतीशी गर्दी केली. "अरे, खरंच की टँडो!" "मास्तरांच्या भुवया बघ, तशाच!" एक आजोबा तर सहाव्या डोक्यासमोर सवयीनं ताठ उभे राहिले.

लार्टे घसा खाकरून म्हणाले, "ओळखणं वेगळं आणि काढणं वेगळं."

मास्टरनी ब्रश अराबासमोर धरला. इबोकाकांनी स्वागताचा फळा उलटा करून ठेवला. अराबानं एकदा लार्टेंकडे पाहिलं आणि हात चालवायला घेतला. मित्रांनो, तो हात मी पस्तीस वर्षांनी पाहत होतो! एक रेघसुद्धा डळमळली नाही. पाव तासात फळ्यावर आठवं डोकं उभं राहिलं: दोन शिंगं, पुढे आलेले सुळे, एक भुवई वर चढलेली, आणि डोळ्यांवर मिस्टर लार्टेंचा गोल चष्मा.

टॉकीजचं छत उडेल असा हशा झाला. लार्टे फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि चष्मा काढून ते डोळे पुसेपर्यंत हसले. माझ्याखालची पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली.

"आता नाव घाल," मास्टर म्हणाले.

अराबा माझ्यापाशी आली. खालच्या कोपऱ्यात ओला, गार रंग टेकला, आणि तिनं सावकाश लिहिलं: अराबा ओटू, सॉल्टपाँड. टाळ्या थांबेनात. एकुवाकाकूंनी तर डोक्यावरचा रुमाल सोडून हवेत फिरवला. बाजारातल्या गर्दीनंही माझा कधी एवढा मान केला नव्हता. पण त्या दिवशी मला माझं कौतुक वाटत नव्हतं, तिचं वाटत होतं.

आता तिच्याकडे आक्राहूनसुद्धा कामं येतात. दर शनिवारी टॉकीजच्या अंगणात ती मुलींना पोती ताणायला आणि दात रंगवायला शिकवते. इबोकाकांची कार्डं काचेच्या पेट्यांत मांडली आहेत, आणि प्रत्येकाखाली फोटो काढणाऱ्याचं नाव शोधून लिहायचं काम लार्टेंनी अंगावर घेतलं आहे.

तुमच्याही घरात असं काही जुनं असेल, मित्रांनो. ते उन्हापासून, वाळवीपासून जपा. पण नुसतं जपू नका, ते कोणाच्या हातचं आहे ते विचारा. ते हात अजून काम करत असतील तर आजच विचारा.

त्या वर्गाच्या पहिल्याच शनिवारी अराबा मुलींना घेऊन आत आली आणि माझ्याकडे बघून तिनं कपाळाला हात लावला. "एवढं उंच कोणी टांगलंय याला? दोन हात खाली घ्या. पोरांना नीट घाबरता आलं पाहिजे!"

मला खाली घेतलं. सगळ्यात धाकटी मुलगी माझ्या सातही तोंडांसमोर आली आणि अशी किंचाळली, की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं आत धावली.